जिंजरचं पुढे काय झालं?

रिल्समधले घोडे फार लवकर बरे होतात. पहिल्या फ्रेममध्ये एखादं हाडाडलेलं शिंगरू दिसतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था, मान खाली, खूर वाढून वाकडे झालेले. मग पियानो सुरू होतो. एक बादली, एक खरारा, पाठीवरून फिरणारा एक हात. शेवटच्या काही सेकंदांत तेच जनावर चकचकीत अंगाने कुरणातून दौडत येतं आणि वाचवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर तोंड टेकवतं. खाली रडणाऱ्या इमोजींची रांग.

हे व्हिडिओ मीही शेवटपर्यंत पाहते. ते खोटे असतात असं मला म्हणायचं नाही. बहुतेक घोडे खरंच बरे झालेले असतात. मला खटकतं ते व्हिडिओ जिथे संपतो ते ठिकाण. घोडा बरा झाला, इथे गोष्ट थांबते. तो बरा राहिला का, हे कुणी विचारत नाही.

ही सवय आपल्याला रिल्सनी लावलेली नाही. हाल झालेल्या घोड्याला माणसात आणण्याच्या गोष्टी दीडशे वर्षं लिहिल्या जातायत, आणि त्यातल्या गाजलेल्या गोष्टींनाही हाच शेवट आवडतो. अशा काही गोष्टी मी लागोपाठ वाचल्या-पाहिल्या. त्यातली एकच गोष्ट मला त्या शेवटाच्या पलीकडे जाताना दिसली, आणि ती सगळ्यात जुनी निघाली.

आधी सगळ्यात लाडकी गोष्ट घेऊ. 'सीबिस्किट' हा खरा घोडा. 1935 साली, जेमतेम दोन वर्षांचा असताना, त्याला 35 शर्यतींत पळवलं होतं. 1936 मध्ये चार्ल्स हॉवर्ड नावाच्या मोटारविक्रेत्याने तो 8,000 डॉलरला घेतला, तेव्हा तो अंगाने आणि मनाने पार थकलेला होता. टॉम स्मिथ या अबोल प्रशिक्षकाने त्याला सावरलं. 1938 मध्ये त्याने वॉर अ‍ॅडमिरलला हरवलं आणि 1940 मध्ये, दुखापतीतून उठून, सांता अनिताची मोठी शर्यत जिंकली. लॉरा हिलनब्रँडचं पुस्तक 2001 मध्ये आलं, गॅरी रॉसचा सिनेमा 2003 मध्ये.

सिनेमात सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. टॉम स्मिथ एका पांढऱ्या घोड्याचा जखमी पाय शेकत बसलाय. हॉवर्ड विचारतो, हा बरा होईल का? होतोय. मग पळेल का? नाही, हा नाही पळणार. मग कशाला एवढी मेहनत? स्मिथच्या उत्तराचा मथितार्थ असा : कारण मला ते करता येतं, आणि थोडं मोडलं म्हणून कुणी अख्खा जीव फेकून देत नाही. मला हा सिनेमातला सगळ्यात खरा क्षण वाटतो. एक घोडा, ज्याच्याकडून कसलीही परतफेड मिळणार नाही, आणि तरी त्याच्या पायाशी बसलेला एक माणूस.

पण त्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सिनेमा सांगत नाही. सांगतो ती जिंकणाऱ्याची. आणि शेवटी जॉकीच्या तोंडून ऐकवतो की लोकांना वाटतं आम्ही या मोडक्या घोड्याला दुरुस्त केलं, खरं तर त्याने आम्हाला दुरुस्त केलं. वाक्य टाळ्यांचं आहे, पण त्याने हिशोब कसा उलटतो बघा. घोड्याला दिलेला दाणा-वैरण, विश्रांती, वेळ हे सगळं आता गुंतवणूक ठरतं आणि घोडा व्याजासकट परत करतो. पांढऱ्या घोड्याजवळ बसून स्मिथने जे सांगितलं, ते सिनेमा शेवटी स्वतःच खोडून टाकतो.

रॉबर्ट रेडफर्डचा 'द हॉर्स व्हिस्परर' (1998) जास्त हळवा आहे आणि हिशोब तोच मांडतो. अपघातात ग्रेस या मुलीचा पाय जातो, मैत्रीण जाते आणि पिलग्रिम हा तिचा घोडा अंगाने व मनाने फाटतो. आई घोड्याला घेऊन मोंटानाला टॉम बुकरकडे जाते. एकदा आईचा मोबाइल वाजतो आणि पिलग्रिम उधळून लांब कुरणात निघून जातो. बुकर त्याच्या मागे धावत नाही. गवतात उकिडवा बसतो आणि बसूनच राहतो. ऊन उतरतं. घोडा लांबून बघत असतो. खूप वेळाने तो स्वतःहून एकेक पाऊल टाकत येतो.

भित्र्या घोड्याबरोबर काम करण्याचं सार या एका दृश्यात आहे. घोडा हे शिकारी जनावर नव्हे, शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, सगळा जीव पळण्यात. त्याच्यासाठी विश्वास म्हणजे प्रेम वगैरे नंतर. आधी, 'इथून पळावं लागणार नाही' एवढीच खात्री. ती खात्री देणाऱ्याला बसून राहण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. पण सिनेमाला शेवट हवा असतो. म्हणून अखेरीस बुकर पिलग्रिमचा पाय दोराने बांधून त्याला जमिनीवर लोळवतो, ग्रेसला पाठीवर बसवतो, घोडा उठतो, मुलगीही उठते. घोड्याचं बरं होणं म्हणजे मुलीचं बरं होणं. पिलग्रिमला पुन्हा पाठीवर कुणी हवंय का, या प्रश्नाला तिथे जागाच उरत नाही.

मराठीत जनावर सरावण्याला आपण 'माणसाळणं' म्हणतो. या दोन्ही सिनेमांचं मोजमाप त्या एका शब्दात मावतं. घोडा माणसाळला की बरा झाला. तो पुन्हा घोडा झाला का, म्हणजे भीती न बाळगता चरतो का, आडवा पडून झोपतो का, दुसऱ्या घोड्याशेजारी निवांत उभा राहतो का, हे मोजायला दोघांकडेही सवड नाही.

आता सगळ्यात जुनी गोष्ट. अ‍ॅना स्यूएलची 'ब्लॅक ब्यूटी' नोव्हेंबर 1877 मध्ये आली. चौदाव्या वर्षी पडून पाय दुखावल्यापासून स्यूएलला नीट चालता येत नव्हतं. घराबाहेर पडायचं तर घोड्याच्या गाडीनेच, त्यामुळे आयुष्यभर घोडे तिने जवळून पाहिले. शेवटची वर्षं अंथरुणात काढत तिने हे एकच पुस्तक लिहिलं आणि ते छापून आल्यावर पाचेक महिन्यांत, एप्रिल 1878 मध्ये, ती गेली. पुस्तक म्हणजे एका घोड्याचं आत्मचरित्र. आपल्याकडे ते मुलांचं म्हणून ओळखलं जातं; स्यूएलने ते लिहिलं घोडे हाकणाऱ्यांसाठी, मोतद्दारांसाठी.

नायक ब्यूटी असला तरी माझ्या दृष्टीने पुस्तकाचा कणा आहे जिंजर, ही त्याच्या शेजारच्या ठाणावरची तांबूस घोडी. सुटका, सुश्रूषा, बरं होणं या अर्थाने तीच या पुस्तकातली खरी 'रेस्क्यू हॉर्स'. ती बर्टविकच्या घरी येते तेव्हा जवळ जाईल त्याला चावते. मग ती ब्यूटीला आपलं बालपण सांगते. दूध तुटल्याबरोबर तिला आईपासून काढून इतर शिंगरांत सोडलं. खायला पोटभर मिळायचं, थंडीत निवारा मिळायचा. पण राखणाऱ्याने कधी प्रेमाचा शब्द काढला नाही, आणि कुरणातल्या पायवाटेने जाणारी पोरं दगड मारायची. माणसाशी तिची ओळख झाली ती अशी. नंतर मालकाचा दांडगा मुलगा सॅमसन याने तिला जबरदस्तीने वठणीवर आणायला घेतलं आणि तिने त्याला उडवून दिलं. ती दिवसभर झाडाखाली उपाशी उभी राहिली. सूर्य मावळताना म्हातारा मालक चाळणीत दाणे घेऊन आला.

हेळसांड म्हणजे नुसती उपासमार नाही, हे स्यूएलला 1877 मध्ये कळलं होतं. जिंजरच्या बरगड्या दिसत नव्हत्या. तिचा 'बिफोर'चा फोटो काढला असता तर त्यात काहीच दिसलं नसतं.

बर्टविकमध्ये ती बरी होते. जॉन मॅन्ली हा मुख्य मोतद्दार आणि जेम्स हा त्याच्या हाताखालचा पोरगा. ते काय करतात? सांगण्यासारखं काहीच नाही. रोज त्याच वेळी येतात, त्याच आवाजात बोलतात, मारत नाहीत. एक दिवस जेम्सने कपाळ चोळल्यावर जिंजर त्याच्याकडे बघून हलकेच खिंकाळते आणि जेम्स हरखून जातो. जॉन गमतीने म्हणतो, ही आपल्या घरच्या गोळ्यांची करामत. संयम, मायाळूपणा, ठामपणा आणि लाड समप्रमाणात, त्यात थोडी साधी अक्कल, आणि मात्रा रोजची. मला यातला 'रोजची' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या गोळीचा कोर्स पूर्ण होत नाही.

इथे थांबलं असतं तर झाली असती छान रील. पण स्यूएल पुढे लिहीत जाते. बर्टविकची मालकीण आजारी पडते, घर मोडतं, घोडे विकले जातात. नव्या घरी, अर्लशॉलला, मालकिणीला फॅशनची हौस. घोड्यांची मान उंच दिसावी म्हणून डोकं वर खेचून धरणारा लगाम रोज एकेक भोक आवळला जातो. जिंजर एके दिवशी लाथा झाडते. मग घरातला मुलगा तिला बेफाम पळवून तिचा दम कायमचा बिघडवतो. तिला वर्षभर कुरणात मोकळं सोडतात. ती पुन्हा कामाला लायक ठरते, म्हणजे दुसऱ्यांदा बरी होते, आणि विकली जाते. काही दिवस ठीक चालतं. एका लांब दौडीनंतर जुनी दुखापत उलटते. पुन्हा औषध, पुन्हा विक्री. दर विक्रीला एक पायरी खाली. शेवटी लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांचा धंदा करणाऱ्याकडे.

ब्यूटीला ती रस्त्यावर भेटते तेव्हा तो आधी तिला ओळखत नाही. ती सांगते, मला भाड्याने घेणारा मालकाला रोज भारी पैसे मोजतो, ते त्याला माझ्याकडून वसूल करावे लागतात. आठवडाभर हेच, रविवारचीही सुट्टी नाही. पूर्वी तू उलटून उभी राहायचीस, असं ब्यूटी म्हणतो. एकेकाळी राहायचे, ती म्हणते, पण माणसं जास्त ताकदवान असतात. पुढे एकदा एका गाडीतून मेलेला तांबूस घोडा जाताना ब्यूटीला दिसतो. लांब मान, कपाळावर पांढरा पट्टा. ती जिंजरच असावी, अशी तो आशा करतो. कारण मग तिचा त्रास संपला असेल.

तिला कुणी नीट बरं केलं नव्हतं का? केलं होतं, दोनदा. मग चुकलं काय? बर्टविकमध्ये जे होतं ते जिंजरच्या अंगात साठवलं गेलं नव्हतं. ते त्या घरात होतं, जॉनच्या सकाळच्या वेळांत, मालकाच्या ऐपतीत. घर गेलं, तब्येत गेली. स्यूएलचं म्हणणं मला असं कळतं : घोड्याचं बरं असणं हा घोड्याचा गुण नाही, ती त्याच्याभोवतीची व्यवस्था आहे. ती रोज चालवावी लागते आणि तिचा खर्च रोज कुणीतरी सोसावा लागतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नवं फीचर आलं की आमच्याकडे डेमो होतो, केक कापतात. जुनी सिस्टिम आजही कोसळली नाही याचा डेमो कुणी ठेवत नाही. गोष्टींचंही तसंच आहे. दुरुस्ती दाखवता येते, देखभाल दाखवता येत नाही.

हा खर्च कोण सोसतो, याकडेही स्यूएल डोळेझाक करत नाही. जिंजरच्या शेवटच्या भेटीच्या अगदी आधीचं प्रकरण सीडी सॅम या गाडीवानाचं आहे. गाडी आणि दोन घोड्यांसाठी त्याला मालकाला रोज 18 शिलिंग मोजावे लागतात. ते फिटल्याशिवाय स्वतःच्या पोटाला काही नाही. घोडा थकलाय हे त्याला दिसतं, पण त्याचाच जीव जात असतो. प्रकरणाच्या शेवटी तो मरतो आणि पुढचं प्रकरण जिंजरचं. आधी माणूस, मग घोडी, एकाच भाड्याने मारलेले. ज्यांनी गाडी भाड्याने घेऊन अ‍ॅपवर चालवणाऱ्या माणसाशी कधी गप्पा मारल्यात, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. मुंबईत 2015 मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बंद करायला सांगितल्या तेव्हाही घोड्यांबरोबर त्यांच्यावर पोट असलेल्या कुटुंबांचा प्रश्न आलाच होता. घोड्याची दया येणं सोपं आहे. ज्याच्या हातात लगाम आहे त्याचं भाडं कोण भरणार, हा प्रश्न अवघड.

स्यूएलची दुसरी ठाम गोष्ट अशी की नुसत्या मायेने घोडा वाचत नाही. जो ग्रीन हा नवा पोरगा मायाळू आहे. डॉक्टरला बोलवायला मैलोन्‌मैल दौडून घामाघूम परतलेल्या ब्यूटीला तो मनापासून चोळतो, अंगावर घोंगडी टाकत नाही आणि बादलीभर गार पाणी पाजतो. ब्यूटीची छाती धरते, तो मरता मरता वाचतो. पोराला कळलं नाही म्हणून झालं, असं त्याचा बाप म्हणतो तेव्हा शांत स्वभावाचा जॉन भडकतो. त्याच्या लेखी दुष्टपणाच्या खालोखाल वाईट काही असेल तर ते अज्ञान.

त्या आजारात ब्यूटीचं रक्त काढावं लागलं होतं. पुस्तकाच्या शेवटी, हाल सोसून आलेल्या ब्यूटीला नव्या घरी जो मोतद्दार खरारा करतो, तो मोठा झालेला जो ग्रीन असतो. तो थबकतो कशामुळे? कपाळावरची चांदणी बघून त्याला जुन्या घोड्याची आठवण होते, पण तो दचकतो मानेवरची गाठ हाताला लागल्यावर, जिथून रक्त काढलं होतं. ओळख पटते ती त्याच्याच चुकीच्या खुणेवरून. स्यूएल यावर एक शब्दही बोलत नाही. एरवी दर प्रकरणात उपदेश करणारी ही लेखिका इथे गप्प बसते.

या पुस्तकाशेजारी अँड्र्यू हेगचा 'लीन ऑन पीट' (2017) ठेवून बघा. पंधरा-सोळा वर्षांचा चार्ली, आई नाही, बाप गेलेला. शर्यतींत हरू लागलेला पीट आता विकला जाणार, म्हणजे कापला जाणार, हे कळल्यावर तो त्याला चोरून नेतो. त्याच्यावर बसत नाही. माळरानातून शेजारी चालतो, मनातलं सगळं त्याला सांगतो. अशी माया बाकीच्या कुठल्याच सिनेमात नाही. पण चार्लीकडे पैसे नाहीत, ठिकाण नाही, कुंपण नाही. एका रात्री पीट बिथरून रस्त्यावर धावतो आणि गाडीखाली येतो. जिंजरला लहानपणी दाणा होता, माया नव्हती. पीटला माया मिळाली, बाकी काही नाही. हा सिनेमा फार कमी लोकांनी पाहिला. घोडा कुणालाच दुरुस्त करत नाही, हे एक कारण असावं.

अज्ञानाची गोष्ट आजही शिळी नाही. उपाशी घोडा दिसला की कुणालाही वाटेल, आधी त्याला पोटभर खाऊ घालावं. नेमकं तेच त्याला मारू शकतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम धान्याची चंदी गेली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींत खेचलं जातं. हृदय, श्वास बंद पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्येही हे दिसलं होतं. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या तज्ज्ञांनी घालून दिलेली पद्धत अशी : पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्ध्या किलोहून किंचित कमी लसूणघास, बस. म्हणजे दिवसाला पावणेतीन किलोच्या आसपास, जिथे धडधाकट घोडा आठ-नऊ किलो चारा सहज खातो. रात्री दोन वाजता उठून मूठभर घास टाकायचा आणि घोडा आणखी मागत असताना द्यायचा नाही. दहाव्या दिवसाच्या सुमारास हवा तेवढा घास. दात तपासणं, जंताचं औषध, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. प्रगती मोजायला 1983 मध्ये डॉन हेनेके यांनी केलेली 1 ते 9 ही श्रेणी आहे : मान, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ, हात लावून चाचपायचं. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 5 म्हणजे बेताचा. 1 वरून 5 वर यायला कित्येक महिने जातात.

यात सिनेमा कुठे आहे? न देण्यात आहे, असं मी म्हणेन. समोर उपाशी जीव, हातात घास, आणि हात आवरायचा. कुणी हे लिहिलं तर मला वाचायला आवडेल.

'ब्लॅक ब्यूटी' निर्दोष पुस्तक आहे असं नाही. त्यातली चांगली माणसं फारच चांगली आहेत. ब्यूटी इतका आज्ञाधारक की कधी कधी कंटाळा येतो. तो मालकाला हवा तसा आदर्श नोकर आहे. घोड्याला नीट वागवा म्हणजे तो नीट काम करेल, या सौद्यापलीकडे स्यूएल क्वचितच जाते. ज्या घोड्याला काम करायचंच नाही त्याचं काय, हे तीही विचारत नाही. टॉम स्मिथचा पांढरा घोडा तिच्या पुस्तकात असता तर कुठे राहिला असता, मला सांगता येत नाही.

पण शेवट कशाला म्हणायचं हे तिला नेमकं माहीत होतं. लंडनच्या चढावर कोसळलेल्या ब्यूटीला बाजारात एक म्हातारा शेतकरी नातवाच्या हट्टाने पाच पौंडांना घेतो. रात्री आणि सकाळी गवत व ओट, दिवसा कुरण, थोडा थोडा व्यायाम. वसंत येईतो तो उभा राहतो. मग त्याला ज्या घरी देतात तिथे जो ग्रीन भेटतो. ब्यूटी कुठली शर्यत जिंकत नाही, कुणाचं आयुष्य सावरत नाही. तो एवढंच सांगतो की याला कधीच विकणार नाही, असा शब्द घरातल्या बायकांनी दिलाय, त्यामुळे आता भीती नाही. एका घोड्याच्या दृष्टीने सुखान्त एवढाच. हा शब्द जिंजरला कुणी दिला नाही. दोघांच्या आयुष्यात फरक आहे तो तेवढाच. स्वभाव, ताकद, सोसलेलं दुःख यांत जिंजर कुठेच कमी नव्हती.